एकशे अठरा

त्या उन्हाळ्यात मी
रक्त वाचायला शिकले.

अकरावीचा निकाल लागायचा होता.
गावातल्या साऱ्या पोरी पहाटे चारला
तेंदूपत्त्याला निघायच्या
आणि मी सायकलनं सात किलोमीटर,
दवाखान्यामागच्या टिनाच्या खोलीत,
जिथल्या कूलरला वाळ्याऐवजी
धानाची तणस लावलेली.
माय म्हणाली, "पुड्यामागं पैसे भेटते.
तुले तिथं काय भेटनार?"
विद्यावेतन, मी म्हणाले.
तिला तो आजारच वाटला.

पहिले चार दिवस नुसती पिपेट.
भोजराजदादा सांगायचे, अंगठा हळू सोड,
कोंबडीचं पिल्लू खाली ठेवतेस ना, तसा.
वीस मायक्रोलिटर म्हणजे किती?
सहा-सात डासांचं जेवण.
नागपूरहून आलेला अनिमेष रोज विचारायचा,
सर्टिफिकेट कोणत्या तारखेला मिळेल.
त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता,
हेही लिहून ठेवते.

मॅडमनी वही दिली. पेन्सिल बंद.
चुकलं तर खोडायचं नाही,
एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
शाळेत इतकी वर्षं
आम्ही व्हाइटनरनं पानं लिंपली होती
ओटा सारवावा तशी.

नळीत द्रावण. द्रावणात रक्त. पाच मिनिटं.
नळीमागे कागद, कागदावर काळ्या रेघा.
रेघा दिसल्या तर ठीक.
तांदळाच्या धुवणात बुडाव्या तशा बुडाल्या
तर सिकलसेल.
अर्धा की पुरा, ते पुढच्या मशीनवर कळतं.
आणि दुपारी दोनला लाईन गेली
की मशीन थांबायची, आम्हीही,
ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन,
कुणाचं तरी रक्त
अर्ध्या वाटेत ठेवून.

नावं नसायची. आकडे असायचे.
पण आमच्या गावच्या फळीवर बोटं टोचली
तेव्हा बर्फाचा डबा माझ्याच हातात होता.
एकशे अठराचं बोट
पत्ते तोडून काळं पडलेलं,
तीनदा पुसावं लागलं.
"लवकर कर वो, पुडे मोजाचे आहेत,"
बोटवाली हसत होती.

एकशे अठराच्या रेघा बुडाल्या.
मी नळी उजेडाकडे धरली,
मग खिडकीकडे, मग पुन्हा कागदाकडे.
अनिमेष म्हणाला, किती वेळा बघशील?
संध्याकाळी लाईन आली.
पट्टीवर दोन डाग, शेजारी शेजारी.
वाहक.
त्यानं लिहिलं.
दुसरी वाचणारी म्हणून सही मी केली.
सही थोडी वाकडी आली. ती तशीच आहे.

घरी पोचले तर देवांगना बसलेली.
मांडीवर पिशवी, पिशवीत शालू.
पत्त्याचे पैसे हातात आले
की तिचं लग्न, मामाच्या गावातच.
शालूचा काठ दाखवताना
तिचं ते बोट अजून काळंच होतं.
"आमच्या रक्ताचं काय निंगालं वो?"
तिनं विचारलं, मीठ मागावं इतक्या सहज.

मॅडम म्हणाल्या होत्या,
ज्याचं रक्त, त्याला आधी,
दार लावून, बसवून, समजावून.
त्यासाठी वेगळी ताई येते.
तुम्ही नाही.
मला तेव्हा राग आला होता,
सतरा वर्षांची म्हणून कमी समजतात म्हणून.

वहीत चुकलं तर एक रेघ पुरते.
तोंडातून गेलं तर?

म्हणाले, "मंगळवारी ताई येनार हाय.
समद्यांनाच बलावलं. तूही ये."
हे खरं होतं. सगळ्यांनाच बोलावलं होतं,
कोणी एकटं दिसू नये म्हणून.
मग राहवलं नाही,
"त्यालेही आन. तपासून घेईल."

देवांगनानं शालूची घडी घातली.
उलगडली. परत घातली.
आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली
खूप वेळ,
नळीकडे मी पाहिलं होतं तशी,
मागच्या रेघा शोधत.

मायनं आतून हाक मारली, भात निवतो.
मी उठले नाही.